इंग्रजी शब्दसंग्रह आणि वाक्यरचना : दोन्हींचा सराव एकाच वहीत कसा करावा

हायस्कूलमधील एका विद्यार्थ्याच्या निबंधात मला एकदा पुढील वाक्य आढळले : ‘आय अबँडन्ड माय सिस्टर ॲट द स्टेशन.’ त्याला सांगायचे होते ते एवढेच की, त्याने बहिणीला स्टेशनवर सोडले. त्याच्या वहीत ‘अबँडन’ या शब्दासमोर ‘सोडणे, सोडून देणे’ असा अर्थ नीटनेटका लिहिलेला होता. स्पेलिंग अचूक होते, काळही अचूक होता. फक्त वाक्याचा अर्थ असा झाला होता की, या मुलाने सख्ख्या बहिणीला स्टेशनवर वाऱ्यावर सोडले आणि तो घरी निघून आला. खरे तर ‘ड्रॉप्ड माय सिस्टर ऑफ’ एवढे साधे शब्द येथे पुरेसे होते. मराठीत आपण पाहुण्याला सोडतो, नोकरी सोडतो, पिंजऱ्यातला पक्षी सोडतो आणि जुनी सवयही सोडतो. इंग्रजीत या चारही ठिकाणी वेगळे क्रियापद लागते. शब्द आणि त्यासमोर एक मराठी अर्थ अशा दोन रकान्यांच्या वहीत हा फरक मावतच नाही.

बहुतेक विद्यार्थी शब्दार्थांची एक वही ठेवतात आणि व्याकरणाची दुसरी. माझ्या मते अडचणीचे मूळ या वाटणीत आहे, कारण इंग्रजी क्रियापद आपल्यानंतर काय यावे हे स्वतःच ठरवत असते. ‘एन्जॉय’नंतर ‘रीडिंग’ येते, ‘टू रीड’ येत नाही. ‘वाँट’नंतर नेमके उलटे होते. ‘टेल’नंतर व्यक्ती थेट येते, म्हणून ‘टेल मी’ बरोबर आहे. पण त्याच चालीवर केलेले ‘एक्सप्लेन मी द पोएम’ चूक ठरते, तेथे ‘एक्सप्लेन द पोएम टू मी’ असेच म्हणावे लागते. म्हणजे ‘एक्सप्लेन’ हा शब्द येतो असे म्हणायचे असेल, तर त्याच्यानंतरची ही मांडणीही यायला हवी. ती शब्दार्थांच्या वहीत नोंदवायची की व्याकरणाच्या, या प्रश्नाला उत्तर नाही. म्हणून वही एकच असावी, असे मी सुचवतो.

शब्द कोणते घ्यावेत

अवजड शब्दांच्या याद्या पाठ करण्याची हौस अनेकांना असते. अशा यादीतील शब्द वर्षभरात एकदाही वाचनात येत नाही आणि लेखनात आला तर तो बहुधा चुकीच्या जागी येतो. १९५३ साली मायकेल वेस्ट यांनी इंग्रजीतील सुमारे २,००० सर्वाधिक उपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सामान्य लेखनाचा फार मोठा भाग या शब्दांनीच बनलेला असतो. त्यानंतर २००० साली ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी निरनिराळ्या विषयांच्या शैक्षणिक लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुलांची (मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपे मिळून एक कुल) यादी तयार केली, आणि तीत वेस्ट यांच्या यादीतील शब्द जाणीवपूर्वक वगळले. ‘ॲनलाइझ’, ‘असेस’, ‘अझ्यूम’, ‘कॉन्सेप्ट’, ‘एव्हिडंट’ हे शब्द त्या दुसऱ्या यादीतले आहेत. विज्ञान, इतिहास आणि भूगोल या तिन्ही विषयांच्या पुस्तकांत ते भेटतात, मात्र कोणत्याही एका विषयाची परिभाषा नसल्यामुळे ते मुद्दाम शिकवण्याचे काम कोणाच्याच वाट्याला येत नाही. हायस्कूलच्या विद्यार्थ्याने पहिला जोर येथे लावावा.

निवडीसाठी मी एक सोपी कसोटी वापरतो. वाचताना अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढावी आणि पुढे वाचत राहावे. तोच शब्द दुसऱ्यांदा दुसऱ्या ठिकाणी भेटला की मगच त्याला वहीत जागा द्यावी. दिवसाला पाच शब्द पुष्कळ झाले. रोज तीस शब्द घेणारा विद्यार्थी आठवडाभरात थकतो, आणि पुढील भागात सांगितलेली नोंद तीस शब्दांसाठी करणे कोणालाच शक्य नसते.

एका शब्दाची नोंद

उदाहरणासाठी ‘रिलक्टंट’ हा शब्द घेऊ. नेहमीच्या वहीत त्याची नोंद ‘रिलक्टंट – नाखूश’ एवढ्यावर संपते. आता या नोंदीच्या भरवशावर कोणी ‘आय ॲम रिलक्टंट विथ माय मार्क्स’ असे लिहिले, तर त्याला दोष कसा द्यावा? गुणांवर माणूस मराठीत नाखूश असतोच. इंग्रजी ‘रिलक्टंट’ मात्र गुणांवर किंवा कोणा व्यक्तीवर नाराज नसतो. त्याची नाराजी एखादी कृती करण्याविषयी असते.

म्हणून वहीचे अर्धे पान या एका शब्दासाठी ठेवावे. सर्वांत वर, शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य जसेच्या तसे उतरवून घ्यावे. समजा, ते वाक्य असे आहे : ‘द विटनेस वॉज रिलक्टंट टू नेम द ड्रायव्हर.’ साक्षीदार चालकाचे नाव सांगायला तयार नव्हता, किंवा सांगितले तरी मनाविरुद्ध सांगत होता. या वाक्यातच शब्दाची मांडणी दिसते : ‘रिलक्टंट’, त्यानंतर ‘टू’ आणि त्यानंतर मूळ क्रियापद. ती मांडणी लाल शाईने वेगळी लिहावी. मराठीत आपण ‘सांगण्यासाठी तयार नव्हता’ असेही म्हणतो आणि त्या ‘साठी’मुळे ‘रिलक्टंट फॉर टेलिंग’ असे लिहिण्याचा मोह होतो. तो धोका असल्याची खूण त्याच ओळीत करून ठेवावी.

त्याखाली शब्दाचे कुटुंब लिहावे : नाम ‘रिलक्टन्स’, क्रियाविशेषण ‘रिलक्टंटली’. हे केवळ तीन रूपे पाठ करण्यासाठी नाही. रूप बदलले की वाक्याची रचना बदलते, म्हणून तेच सांगणे तिन्ही रूपांत लिहून पाहावे. ‘शी वॉज रिलक्टंट टू सिंग’, ‘शी सँग रिलक्टंटली’, ‘शी सँग विथ रिलक्टन्स’. पहिल्या वाक्यात ती गायली की नाही हे कळत नाही. पुढच्या दोन्हींत ती गायली हे निश्चित आहे. हा फरक विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढला, तर शब्द आणि रचना या दोन्हींचा त्या दिवसाचा सराव तेथेच झाला असे समजण्यास हरकत नाही.

यानंतर शेजारचे शब्द येतात. ‘अनविलिंग’ म्हणजे ज्याची तयारीच नाही असा. ‘हेझिटंट’ म्हणजे काय करावे याची खात्री नसल्यामुळे अडखळणारा. ‘रिलक्टंट’ माणसाला काय करायचे ते पक्के ठाऊक असते, ते करावेसे वाटत नाही, आणि पुष्कळदा तो अखेरीस ते करतो. लॅटिनमधील ज्या शब्दापासून हा शब्द आला, त्याचा अर्थ ‘विरोधात झुंजणे’ असा होता. ही माहिती परीक्षेत कोणी विचारणार नाही, परंतु स्वतःच्या मनाशी झुंजत काम करणाऱ्या माणसाचे चित्र एकदा डोळ्यांसमोर आले की ‘हेझिटंट’शी गल्लत होत नाही.

शेवटी, आणि हे कोणत्याही परिस्थितीत टाळू नये, विद्यार्थ्याने स्वतःच्या आयुष्यातले एक खरे वाक्य लिहावे. ‘ही इज रिलक्टंट’ यासारखे वाक्य उपयोगाचे नाही, कारण ‘रिलक्टंट’च्या जागी ‘हॅपी’, ‘टॉल’ किंवा ‘हंग्री’ घातले तरी ते तितकेच बरोबर राहते. वाक्य असे हवे की त्यातला शब्द झाकला, तरी वाचणाऱ्याला तो ओळखता यावा. ‘माय ब्रदर वॉज रिलक्टंट टू लेंड मी हिज सायकल, बट ही हँडेड मी द की विदाउट अ वर्ड.’ या वाक्यात भावाची नाखुशीही आहे आणि शेवटी किल्ली देणेही आहे.

एखाद्या शब्दाचे नेहमीचे सोबती असतील, तर तेही याच पानावर नोंदवावेत. मराठीत पाऊस मुसळधार पडतो आणि वारा सोसाट्याचा सुटतो. ‘मुसळधार वारा’ असे कोणी म्हणत नाही, आणि का म्हणत नाही याचे कारणही कोणी सांगू शकत नाही. इंग्रजीत त्याच न्यायाने पाऊस ‘हेवी’ असतो आणि वारा ‘स्ट्राँग’. चूक ‘मेक’ केली जाते, गृहपाठ ‘डू’ केला जातो. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो, इंग्रजीत तो ती ‘टेक’ करतो, आणि ‘गिव्ह ॲन एक्झाम’ हे रूप आपल्याकडून सतत घडते. अशा जोड्यांना नियम नसतात. त्या जोडीनेच लक्षात ठेवाव्या लागतात.

उजळणी

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून आपण ते किती वेळात विसरतो याची मोजमापे घेतली आणि १८८५ साली ती प्रसिद्ध केली. विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो आणि पुढे मंदावतो, हे त्यांतून दिसून आले. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी करावी, त्यानंतरची तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. हे अंतर काटेकोर पाळण्याची गरज नाही. ते वाढत जावे एवढे पुरे.

उजळणी म्हणजे पान पुन्हा वाचणे नव्हे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली केलेल्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र उतारा झाकून आठवण्याचा प्रयत्न केलेले विद्यार्थी पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री वही वाचून आत्मविश्वास का वाटतो आणि पुढे तो का टिकत नाही, याचा उलगडा येथे होतो. तेव्हा पान झाकावे, आपल्या वाक्यामागचा प्रसंग मराठीत मनात आणावा आणि त्यावरून इंग्रजी वाक्य बोलून किंवा लिहून पाहावे. मगच पान उघडावे.

ज्यांना वहीपेक्षा चिठ्ठ्या आवडतात, त्यांच्यासाठी जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइट्नर यांची पेटीची पद्धत उत्तम आहे. पेटीचे पाच कप्पे करायचे. चिठ्ठीवरचे उत्तर बरोबर आले की ती पुढच्या कप्प्यात जाते, चुकले की थेट पहिल्या कप्प्यात परत येते. पहिला कप्पा रोज पाहायचा, पुढचे कप्पे अधिकाधिक दिवसांनी. चिठ्ठीवर सुटा शब्द मात्र लिहू नये, रिकामी जागा असलेले वाक्यच लिहावे.

उपसर्ग, धातू आणि प्रत्यय यांचा आधार घेता येतो, पण त्यावर फार विसंबू नये. ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणे हे ठाऊक असले की ‘इन्स्पेक्ट’, ‘स्पेक्टेटर’ आणि ‘प्रॉस्पेक्ट’ यांचे नाते दिसते. पण ‘इन’ हा उपसर्ग नकारार्थीच असतो असे समजणारा ‘इन्फ्लेमेबल’ पदार्थाजवळ बेधडक काडी पेटवेल. त्या शब्दाचा अर्थ चटकन पेट घेणारा असा आहे. ‘इनव्हॅल्युएबल’ही ‘कवडीमोल’ नाही, तो आपल्या ‘अमूल्य’च्या घडणीचा शब्द आहे.

मराठी वाक्याचा साचा कोठे आड येतो

वाक्यरचनेच्या सरावाची सुरुवात इंग्रजी नियमांपासून न करता आपल्याच भाषेपासून करावी, असे मी अनुभवाने सांगतो. मराठीत ‘मुलाने कुत्र्याला पाहिले’ आणि ‘कुत्र्याला मुलाने पाहिले’ या दोन्ही वाक्यांत पाहणारा मुलगाच राहतो, कारण कोण काय करतो हे विभक्तीचा प्रत्यय सांगतो. इंग्रजीत ‘द बॉय सॉ द डॉग’ उलटे केले की कुत्रा मुलाला पाहू लागतो. इंग्रजीत प्रत्ययाचे काम जागा करते, आणि हे एकदा पटले की कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम हट्टाने का पाळायचा ते वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्या चुका बऱ्याच अंशी ठरावीक ठिकाणी होतात. मराठीतील जोडशब्द ही त्यांपैकी पहिली जागा. मराठीत ‘जरी’ आले की पाठोपाठ ‘तरी’ यावे लागते, म्हणून आपण ‘दो इट वॉज लेट, बट वी वेटेड’ असे लिहितो. इंग्रजीत ‘दो’ किंवा ‘बट’ यांपैकी एकच पुरतो. ‘जेव्हा – तेव्हा’ या जोडीतून येणारे ‘व्हेन – देन’ आणि ‘कारण – म्हणून’ या जोडीतून येणारे ‘बिकॉज – सो’ हेही याच जातीचे.

दुसरी जागा आहे विशेषणासारख्या लांब शब्दसमूहाची. ‘काल आपल्याला रस्त्यात भेटलेला उंच माणूस’ असे आपण सगळे वर्णन नामाच्या आधी ठेवतो. इंग्रजीत ‘उंच’ तेवढे आधी राहते. उरलेले सगळे नामाच्या मागे जाते : ‘द टॉल मॅन हू मेट अस ऑन द रोड यस्टरडे’. यासाठी सराव असा करावा : कोणत्याही मराठी लेखातून ‘लेला’, ‘णारा’, ‘तील’ यांनी संपणारे दहा शब्दसमूह काढावेत आणि प्रत्येक समूह नामाच्या मागे ‘हू’, ‘विच’ किंवा ‘दॅट’ लावून इंग्रजीत लिहावा. दहा समूहांना वीस मिनिटे लागतात, आणि आठवडाभर असे केले की हात वळू लागतो.

तिसरी जागा अप्रत्यक्ष प्रश्नांची. ‘आय डोंट नो व्हेअर इज ही’ हे वाक्य इतके सर्रास ऐकू येते की, ते कानाला बरोबरच वाटते. प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटात गेला की त्याचा क्रम विधानाचा होतो : ‘व्हेअर ही इज’.

चौथी जागा कमी लोकांच्या लक्षात येते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. मराठीत ‘पाऊस पडून रस्ता निसरडा झाला’ हे निर्दोष वाक्य आहे. पडला तो पाऊस, निसरडा झाला तो रस्ता. कर्ते दोन असूनही ‘पडून’ हे रूप कोणाला खटकत नाही. इंग्रजीत वाक्याच्या आरंभी ‘इंग’ने संपणारा असा शब्दसमूह आला की, वाचणारा तो पुढच्या मुख्य कर्त्याला जोडतो. त्यामुळे ‘फॉलिंग ऑल नाइट, द रोड बिकेम स्लिपरी’ या वाक्यात रात्रभर पडत होता तो रस्ता, असा अर्थ निघतो. त्याऐवजी ‘बिकॉज रेन हॅड फॉलन ऑल नाइट, द रोड बिकेम स्लिपरी’ असे लिहावे. मराठीत ‘ऊन’ने संपणारे रूप मनात आले की, लिहिण्यापूर्वी दोन्ही क्रिया करणारा एकच आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लावून घ्यावी.

‘अ’, ‘ॲन’, ‘द’ या उपपदांना मराठीत समांतर काही नाही, त्यामुळे नियम वाचून ती फारशी बसत नाहीत. पाठ्यपुस्तकातला दहा ओळींचा उतारा उपपदे गाळून उतरवावा, दुसऱ्या दिवशी ती भरावीत आणि मूळ उताऱ्याशी ताडून पाहावीत. एवढा सराव पुरे.

वाक्ये जोडणे

वाक्यरचनेसाठी मला एकच व्यायाम सुचवायचा असेल, तर मी वाक्ये जोडण्याचा सुचवीन. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ साली चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या लेखनावरील संशोधनाचा जो आढावा घेतला, त्यात उपयोगी ठरलेल्या पद्धतींमध्ये वाक्ये जोडण्याचा सराव होता. सुटे व्याकरण शिकवल्याने लेखन सुधारल्याचे मात्र त्यात दिसले नाही. व्याकरण निरुपयोगी आहे असा याचा अर्थ मी घेत नाही. नियम माहीत असणे आणि तो वाक्य लिहिताना हाताशी येणे यांत जे अंतर असते, ते अशा व्यायामाने कमी होते.

चार लहान वाक्ये घेऊ : ‘द ओल्ड ब्रिज कोलॅप्स्ड.’ ‘इट कोलॅप्स्ड ड्युरिंग द नाइट.’ ‘द रिव्हर हॅड बीन रायझिंग फॉर थ्री डेज.’ ‘नोबडी वॉज हर्ट.’ यांतली कोणतीही माहिती न गाळता एकच वाक्य करायचे आहे.

बहुतेक विद्यार्थी प्रथम ‘अँड’ आणि ‘बट’ यांनी गाठी मारतात : ‘द रिव्हर हॅड बीन रायझिंग फॉर थ्री डेज, अँड ड्युरिंग द नाइट द ओल्ड ब्रिज कोलॅप्स्ड, बट नोबडी वॉज हर्ट.’ हे बरोबर आहे, पण यात तीन गोष्टींना सारखेच वजन मिळते. आता कारण गौण वाक्यात टाकून पाहू : ‘आफ्टर द रिव्हर हॅड बीन रायझिंग फॉर थ्री डेज, द ओल्ड ब्रिज कोलॅप्स्ड ड्युरिंग द नाइट, दो नोबडी वॉज हर्ट.’ येथे पूल कोसळणे मध्यभागी आले. तिसरी मांडणी अशी : ‘नोबडी वॉज हर्ट व्हेन द ओल्ड ब्रिज, वीकन्ड बाय अ रिव्हर दॅट हॅड बीन रायझिंग फॉर थ्री डेज, कोलॅप्स्ड ड्युरिंग द नाइट.’ या वाक्यात मुख्य बातमी आहे ती माणसे वाचल्याची, आणि पुलाचे कोसळणे ‘व्हेन’च्या मागे गेले आहे. शिवाय ‘वीकन्ड’ हा नवा शब्द आत शिरला, कारण नदी आणि पूल यांना जोडायला काहीतरी हवे होते. शब्दसंग्रह आणि रचना एकमेकांना कसे ओढून आणतात, ते येथे प्रत्यक्ष दिसते.

तिन्ही वाक्ये लिहून झाली की, प्रत्येकाखाली ‘या वाक्यात महत्त्वाची गोष्ट कोणती ठरली’ हे एका ओळीत मराठीत लिहावे. सरावासाठी लहान वाक्ये कोठून आणायची हा प्रश्न पडत असेल, तर पुस्तकातले एखादे लांब वाक्य घ्यावे, स्वतः त्याचे तुकडे करावेत, दोन दिवस थांबावे आणि मग ते पुन्हा जोडावेत. तुकडे करतानाच कोणता भाग कोणावर अवलंबून आहे हे उमगते.

एक खबरदारी येथे सांगावी लागते. ‘हाउएव्हर’ हा शब्द ‘बट’सारखा दोन वाक्यांना जोडत नाही. ‘इट वॉज लेट, हाउएव्हर वी वेटेड’ असे स्वल्पविरामाने जोडलेले वाक्य चूक आहे. ‘हाउएव्हर’च्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा आणि नंतर स्वल्पविराम. ‘देअरफोर’ आणि ‘मोअरओव्हर’ यांनाही हेच लागू आहे.

फ्रँकलिन यांचा व्यायाम

बेंजामिन फ्रँकलिन यांनी किशोरवयात, भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत असताना, लेखन सुधारण्यासाठी काय केले ते आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. लंडनहून निघणाऱ्या ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकाचा एक सुटा खंड त्यांच्या हाती आला. त्यातील निबंध घेऊन ते प्रत्येक वाक्याचा आशय चार-दोन शब्दांत टिपून ठेवत, काही दिवस कागद बाजूला ठेवत आणि नंतर पुस्तक न पाहता त्या टिपणांवरून निबंध पुन्हा लिहीत. मग मूळाशी तुलना करून चुका दुरुस्त करत. कधी कधी ते टिपणांचे कागद मुद्दाम विस्कटून ठेवत, म्हणजे विचारांचा क्रमही नव्याने लावावा लागे.

हायस्कूलच्या विद्यार्थ्यासाठी आठ-दहा वाक्यांचा एक परिच्छेद पुरेसा आहे, आणि टिपणे मराठीत ठेवली तर व्यायाम अधिक कसाचा होतो, कारण मूळ इंग्रजी शब्द समोर राहत नाहीत. तुलना करताना तीन गोष्टी पाहाव्यात : मूळ लेखकाने एका शब्दात सांगितलेले आपण किती शब्दांत सांगितले, त्याने कोणती वाक्ये जोडली आणि आपण तोडली, आणि त्याने वाक्याची सुरुवात कर्त्याशिवाय दुसऱ्या कशाने केली आहे का. आपले एखादे वाक्य मूळापेक्षा चांगले उतरले, असेही कधी तरी घडते. फ्रँकलिन यांनाही अधूनमधून तसे वाटे, आणि त्यांनी ते मोकळेपणाने लिहिले आहे.

आठवड्याची आखणी आणि चुकांचे पान

रोज अर्धा तास धरला, तर पाच दिवस पाच-पाच शब्दांची नोंद आणि जुन्या नोंदींची झाकून उजळणी, सहाव्या दिवशी वाक्ये जोडण्याचा व्यायाम आणि सातव्या दिवशी फ्रँकलिन यांचा परिच्छेद, एवढे बसते. जोडीला कोणी असेल तर एकमेकांची वाक्ये मोठ्याने वाचावीत. कोठे श्वास अडखळतो तेथे वाक्य बिघडलेले असण्याचा संभव असतो. मोठ्याने वाचताना आघातही तपासता येतो : ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर शब्दाच्या पहिल्या उच्चारखंडावर येतो, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर.

वहीचे शेवटचे पान चुकांसाठी राखून ठेवावे. शिक्षकांनी तपासलेल्या प्रत्येक लेखनातली चूक तेथे तारखेसह लिहावी, शेजारी दुरुस्त वाक्य लिहावे आणि ती कोणत्या प्रकारची आहे ते एका शब्दात नोंदवावे : उपपद, जोडशब्द, सोबती शब्द, क्रम. दोन महिन्यांनी पान पाहिले की, आपण शंभर वेगवेगळ्या चुका करत नसून तीन-चार चुका पुन्हा पुन्हा करतो, असे बहुतेकांना आढळते. परीक्षेत उत्तरपत्रिका देण्यापूर्वीची पाच मिनिटे सगळे पुन्हा वाचण्यात घालवू नयेत. त्या तीन-चार चुकांपैकी एक मनाशी धरून उत्तरपत्रिकेवरून एकदा नजर फिरवावी, मग दुसरी धरून पुन्हा. उपपदांसाठी पाहताना फक्त नामे पाहावीत. जोडशब्दांसाठी पाहताना फक्त ‘दो’, ‘बिकॉज’ आणि ‘व्हेन’ शोधावेत, आणि त्यांच्या पुढच्या स्वल्पविरामानंतर ‘बट’, ‘सो’ किंवा ‘देन’ आले असेल तर ते खोडून टाकावे.